साठ यार्डांची रेघ

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तो हमखास कधी येतो, तर कुणी विचारलं की, "म्हणजे तू नक्की काय करतेस गं? पोरांना मसाज?" अरे बाप्पा! मी एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची ट्रेनर आहे. पोरगं मैदानात पडलं की धावत जाणारी बाई, ती मी. हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय हे बघायचं, बांधायचं, आणि डोक्याला मार बसला असेल तर त्याला पुन्हा आत सोडायचं की नाही हे ठरवायचं. हे शेवटचं ठरवताना माझ्यावर जितकी माणसं ओरडली आहेत, तितकी माझ्या सासरचीही ओरडली नसतील.

इथला फुटबॉल म्हणजे आपला पायांनी खेळायचा नव्हे. डोक्यावर हेल्मेट चढवून, बॉल बगलेत धरून एकमेकांवर आदळायचा. नागपूरला फिजिओथेरपी शिकताना मला या खेळाचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. लग्नानंतर नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागोमाग ओहायोत आले, पुन्हा शिकले, परीक्षा दिल्या आणि घरापासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमधल्या एका कॉलेजात मुलाखतीला जाऊन बसले. समोर जो माणूस होता तो फुटबॉलचा कोच होता आणि कॉलेजच्या सगळ्या खेळांचा प्रमुख, म्हणजे अॅथलेटिक डायरेक्टरही होता. छोट्या कॉलेजात असंच असतं. आधीचा डायरेक्टर सोडून गेला तेव्हा यांना सांगितलं होतं, तात्पुरतं सांभाळा. ते तात्पुरतं काही संपलं नाही.

ते याच कॉलेजात खेळले, इथेच मदतनीस कोच झाले, मग मुख्य कोच. मैदानाचं गवत तेच कापायचे, कधी जर्सी धुवायला टाकायचे, बसचा ड्रायव्हर आला नाही तर बसही चालवायचे. दर उन्हाळ्यात गावोगाव फिरून पोरं गोळा करायचे. पोरांच्या घरी स्वयंपाकघरात बसायचे, आईने दिलेलं मुकाट्याने खायचे आणि निघताना तिला एकच वाक्य सांगायचे: "जसा नेतोय, तसा परत आणून देईन." एकदा मी सोबत गेले होते. तिथल्या आईने पोराकडे पाहिलंही नाही, कोचकडेच बघत राहिली. मला माझी आई आठवली, विमानतळावरची.

माझ्या पहिल्याच वर्षी आमची ठिणगी उडाली. मोठा सामना होता. आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो त्या पोराला, असा काही दणका बसला की तो उठला आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. मी त्याला बाहेर आणलं. आमच्यात एक रीत आहे. डोक्याला मार लागलेल्या पोराचं हेल्मेट आधी ताब्यात घ्यायचं, कारण हेल्मेट हातात असलं की तो नजर चुकवून आत पळतो. मग त्याला स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचे गुण कुणी मिळवले? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? जिंकलो का? मागून बाकीची पोरं हळूच उत्तरं पुरवतात, त्यांना हाकलायचं. त्या दिवशी पोराला हाफही सांगता आला नाही. कोच आले आणि म्हणाले, "हेल्मेट दे त्याला." मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तू इथे नवीन आहेस," ते सगळ्यांसमोर ओरडले, "हा सामना काय आहे तुला कळत नाही!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी हेल्मेट खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसले. अक्षरशः बसले. म्हटलं, आता उठवा मला.

सामना हरलो. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, गेली नोकरी. सोमवारी त्यांच्या ऑफिसात बोलावणं आलं. पाहते तर टोपीऐवजी कोट आणि टाय. मैदानावर कायम डोक्यावर असायची ती मळकी टोपी टेबलावर काढून ठेवलेली. अगदी गंभीरपणे म्हणाले, "शनिवारी आमचा फुटबॉलचा कोच तुझ्याशी फार वाईट वागला. मी डायरेक्टर आहे. मी त्याला चांगली समज दिली आहे." मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. म्हणाले, "एक लक्षात ठेव. हेल्मेट घेतलंस की घेतलंस. मी मागितलं तरी द्यायचं नाही. मी मागितलं तर मुळीच नाही."

तेव्हापासून ती टोपी आमच्या दोघांतली खूणच झाली. कोचशी भांडण झालं की मी म्हणायचे, "टोपी काढा, मला डायरेक्टरशी बोलायचंय." ते टोपी काढायचे आणि कोचविरुद्धची माझी तक्रार शांतपणे ऐकून घ्यायचे. निम्म्या वेळा निकाल माझ्या बाजूने लागायचा. अशी बरीच वर्षं गेली. मी त्यांना कोच म्हणायचे, ते मला डॉक म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे मी सांगून सांगून थकले.

त्या शरद ऋतूत कोचचं काहीतरी बिनसलं. आधी बारीकसारीक. एकच गोष्ट सकाळी सांगून दुपारी पुन्हा सांगायची. पार्किंगमध्ये स्वतःचाच पिकअप ट्रक शोधत फिरायचं आणि मी दिसले की फोनवर बोलल्यासारखं करायचं. मी मनात म्हणायचे, वय झालं, दोन माणसांचं काम करतात, दमले असतील. मग एका प्रॅक्टिसला त्यांनी आमच्या क्वार्टरबॅकला भलत्याच नावाने हाक मारली. पोरं हसली, तेही हसले. मी नाही हसले. ते नाव मला चांगलंच ठाऊक होतं. ज्याच्या हेल्मेटवर मी बसले होते, त्या पोराचं ते नाव.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळातल्या एका काकांना गाठलं. काका मेंदूचे डॉक्टर होते, आता निवृत्त. फराळाची प्लेट हातात देऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काका, असं असं असेल तर? त्यांनी चकली खाली ठेवली. "तो माणूस गाडी चालवतो का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, तो माणूस नव्वद पोरं चालवतो. काकांनी प्लेटही बाजूला ठेवली. नुसतं म्हणाले, "तपासणी करायला सांग. लवकर."

सांग म्हणे! सांगायचं कुणाला? आमच्या ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर एक पाटी आहे: खेळाडूंच्या सुरक्षेबद्दल काही चिंता वाटली तर अॅथलेटिक डायरेक्टरला भेटा. कोचबद्दल चिंता, तर भेटायचं कोचलाच. नवरा म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस यार? सीझन संपतच आलाय." मी त्याला असं काही सुनावलं की बिचारा जेवण अर्धवट टाकून गॅरेजमध्ये जाऊन बसला. चूक त्याची नव्हती. मीही तेच म्हणत होते स्वतःला, संपू दे सीझन. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. कुठलं पोर दमलंय, कुठलं लंगडतंय, कुणाला बाहेर घ्यायचं, हे मैदानावर सगळ्यात आधी कोचला दिसतं. त्या नजरेचा भरवसा नसेल तर माझ्या बँडेजांचा काय उपयोग?

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ते नेहमीप्रमाणे मैदानावर रेघा मारत होते. हे काम ते कुणाला देत नसत. चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाची ढकलायची गाडी घेऊन दर दहा यार्डांवर आडवी रेघ आणि रेघेशी तिचा आकडा. आकड्यांसाठी प्लॅस्टिकचे मोठे साचे असतात. साचा गवतावर ठेवायचा आणि वरून रंग फवारायचा. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. पन्नास म्हणजे मैदानाचा मध्य. तिथून पुढे आकडे उतरत जातात: पुन्हा चाळीस, तीस, वीस, दहा. हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पन्नासच्या पुढचा आकडा मैदानावर नसतोच.

मी बर्फाच्या पिशव्या घेऊन कडेने चालले होते. ते साच्यांच्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसून चिडचिड करत काहीतरी शोधत होते.

"डॉक, साताचा साचा पाहिलास का? पोरं एक वस्तू जागेवर ठेवत नाहीत. सहाचाही मिळाला नाही. हाताने काढावा लागला."

मी त्यांच्या मागे पाहिलं. पन्नासच्या पुढच्या रेघेवर, हिरव्यागार गवतावर, भलामोठा साठ लिहिला होता. सहा हाताने काढलेला, पण किती सुरेख! कडा एकसारख्या, पोट गोल. वेळ घेऊन, जीव लावून काढलेला.

"कोच," मी म्हटलं, "आपल्याकडे सहाचा साचा नाहीये."

"कधीपासून?"

"कधीच नव्हता."

त्यांनी माझ्याकडे वैतागून पाहिलं. मग साच्यांकडे. मग वळून मैदानाकडे. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. हळूहळू उठले, गुडघ्याची माती झटकली. मग शेडमधून हिरव्या रंगाचे डबे आणले. रेघ चुकली तर पुसायला असतात ते. एक माझ्या हातात दिला. आम्ही दोघांनी मिळून तो सहा पुसला. पांढरा रंग हिरव्यातून वर येत होता, ते पुन्हा पुन्हा फवारत होते. मग त्यांनी चाराचा साचा ठेवला आणि चाळीस लिहिला.

"उद्याचा सामना होऊ दे," ते म्हणाले. "मग बोलू."

माझं डोकंच फिरलं. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव. "मग म्हणजे कधी? पुढच्या सीझनला? टोपी काढा, मला डायरेक्टरशी बोलायचंय."

मला वाटलं, ते निघून जातील. पण त्यांनी टोपी काढली. वारा होता, डोक्यावरचे विरळ केस उडत होते. ते सरळ उभे राहिले, ऑफिसात उभे राहायचे तसे.

"बोल," ते म्हणाले.

"तुमच्या फुटबॉलच्या कोचच्या डोक्याची तपासणी व्हायला पाहिजे. ताबडतोब. त्याला आठवत नाही. त्याने आईबापांना शब्द दिलाय, पोरं जशी नेतोय तशी परत आणीन. त्याला आता तो शब्द पाळता येईल असं मला वाटत नाही."

ते टोपी दोन्ही हातांत फिरवत होते.

"त्याला माहीत आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"आता आहे."

"त्याच्या बायकोला?"

"ते मला माहीत नाही."

"तिला नाही," ते म्हणाले. "त्याने सांगितलेलं नाही." ते त्या चाळीसच्या आकड्याकडे वळले. मग म्हणाले, "माझा निर्णय असा आहे. तो उद्याचा सामना सांभाळील. सोमवारी तो कॉलेजच्या प्रेसिडेंटला भेटेल आणि काम थांबवेल. उद्या तू त्याच्या शेजारी उभं राहायचंस. तुला जरा जरी शंका आली, तर ज्यावरून तो चाली सांगतो तो कानावरचा हेडसेट काढून घ्यायचा. पोरांचं हेल्मेट घेतेस तसा."

"तो देईल?"

"स्वतःहून कोण देतं?" ते म्हणाले. "तू घे."

सोमवारी ते गेले नाहीत तर मी स्वतः प्रेसिडेंटकडे जाईन, हेही मी सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली आणि टोपी घातली. "रंग संपत आलाय," असं काहीतरी म्हणत रंगाची गाडी ढकलत निघून गेले. मी बर्फाच्या पिशव्या तिथेच विसरले होते. सगळं पाणी झालं होतं.

शनिवारी मैदान गच्च भरलं. समोरची टीम शेजारच्याच गावाची, पिढ्यान्पिढ्यांची चुरस. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर सीझन संपला. उन्हात त्या चाळीसच्या चाराखालून सहाचं पोट किंचित दिसत होतं. धाकटा कोच, म्हणजे त्यांच्याच हाताखाली खेळलेला आणि आता त्यांचा मदतनीस असलेला तरुण, मला म्हणाला, "ते काय आहे तिथे?" मी म्हटलं, रंगाची गाडी बिघडली होती. खोटं बोलताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.

कोचच्या बायको नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत कठड्याला लागून बसल्या होत्या, मांडीवर घोंगडी आणि थर्मास. त्यांनी मला हात केला. मीही केला.

पहिल्या हाफमध्ये मला माझीच लाज वाटायला लागली, इतके कोच छान होते. हेडसेटवरून एकेक चाल अशी सोडत होते की समोरच्यांना काय चाललंय ते कळेना. एकदा तर माझ्याकडे वळून डोळे मिचकावले. मी मनाशी म्हटलं, बघ, उगाच घाबरलीस तू. काकांचंही चुकलं असेल. एका साठच्या आकड्यावरून माणसाला कसं मोडीत काढायचं? मी तेव्हा देवाशीही सौदा करत होते, खरं सांगते.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी मला विचारलं, "कितवा डाऊन आहे?" म्हणजे बॉल पुढे नेण्याचा कितवा प्रयत्न. गोंगाटात कुणीही विचारेल. मी सांगितलं. लगेचच पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं आणि एक पाऊल त्यांच्या जवळ सरकले. धाकट्या कोचने आमच्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. मला वाटतं, त्यालाही कळलं होतं. कितीतरी जणांना कळलं असेल, आणि सगळे माझ्यासारखेच सीझन संपायची वाट बघत असतील.

आम्ही थोडक्या गुणांनी मागे होतो, वेळ संपत आली होती आणि क्वार्टरबॅकला दणका बसला. आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. तो उठला, गुडघ्यात वाकला, पुन्हा उठला. मी पोचेपर्यंत सगळ्यांना अंगठा दाखवून मी ठीक आहे म्हणत होता. डोळे मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. त्याला धरून बाहेर आणलं, हेल्मेट काढून घेतलं, बाकावर स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसवलं. शेवटच्या वर्षाचं पोर, हा त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. पाच प्रश्न विचारले. मागच्या आठवड्याचं त्याला चटकन सांगता आलं. चालू हाफ मात्र सांगता आला नाही. मागून एकाने "दुसरा" असं हळूच पुरवलं, मी त्याच्यावर अशी खेकसले की तो दोन पावलं मागे गेला.

धाकट्या कोचने टाइमआऊट घेऊन खेळ थांबवला. कोच तरातरा माझ्याकडे आले.

"हेल्मेट दे त्याला."

"नाही, कोच. संपलं त्याचं आजचं."

"हेल्मेट दे!" त्यांनी त्या पोराला नावाने हाक मारली, चल ऊठ म्हणाले. ते नाव त्याचं नव्हतं. त्या जुन्या पोराचं होतं. मग माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद. "तू इथे नवीन आहेस! हा सामना काय आहे तुला कळत नाही!"

तेच शब्द. जसेच्या तसे. त्यांच्यासाठी मी त्या क्षणी खरंच नवीन होते, कालपरवा मुलाखतीला आलेली कुणीतरी परकी बाई. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी हेल्मेटची जाळी धरली आणि ओढली. मीही धरून ठेवलं. पोरं बघत होती, रेफरी बघत होता, कठड्यापाशी त्यांच्या बायको उठून उभ्या राहिल्या होत्या.

"कोच," मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं होतंत. मी मागितलं तर मुळीच द्यायचं नाही." आणि दुसरा हात पुढे केला. "हेडसेट द्या."

त्यांची पकड सैल झाली. कुठून तरी लांबून परत आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या पोराकडे, त्याच्या खऱ्या चेहऱ्याकडे. हेडसेट काढला. पण माझ्या हातात दिला नाही. हातातच धरून ते बाकावर जाऊन बसले, त्या पोराच्या शेजारी, स्कोअरबोर्डकडे पाठ करून. इतकी वर्षं त्यांनी किती पोरांना असं बसलेलं पाहिलं होतं.

"विचार," ते म्हणाले. "पास झालो तर हा माझा."

टाइमआऊट संपत आला होता. धाकटा कोच माझ्याकडे बघत होता, मी त्याला हातानेच सांगितलं, पुढचा खेळ तू घे. मग मी त्यांच्यासमोर गवतावर उकिडवी बसले, पोरांसमोर बसते तशी.

"आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"माझ्या." ते जवळजवळ हसले.

"कितवा हाफ?"

"दुसरा." हेही बरोबर. मला एवढी आशा वाटली की लाज वाटली.

"मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. त्यांनी गवताकडे पाहिलं, हातातल्या हेडसेटकडे पाहिलं. हेडसेटमधून, वरच्या केबिनमधून सामना बघणाऱ्या मदतनीस कोचचा आवाज बारीक येत होता, कोच, पुढची चाल काय, कोच? ते ऐकत होते आणि आठवत होते आणि त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. शेजारच्या पोराने मान खाली घातली. स्वतःचं डोकं ठणकत असलेलं ते पोर, ओठ न हलवता, हळूच त्यांना कॉलेजचं नाव पुरवत होतं.

मी त्याच्यावर खेकसले नाही. माझ्याच्याने झालं नाही.

कोचनी ते नाव मोठ्याने म्हटलं, शाळेतल्या मुलासारखं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "बरोबर?"

हो म्हणावं, एवढा सामना संपू द्यावा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मी कधी विनवणी पाहिली नव्हती. ती होती. माझ्या मांडीवर पोराचं हेल्मेट होतं.

"उत्तर बरोबर आहे, कोच," मी म्हटलं. "पण ते त्याने सांगितलं तुम्हाला."

त्यांनी पोराकडे पाहिलं. त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मागे लोक ओरडत होते, काहीतरी झालं होतं, आमचं चांगलं की त्यांचं, तिघांपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. मग त्यांनी हेडसेट माझ्या मांडीवर, हेल्मेटच्या आत ठेवला.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "आणि मी मागितला तरी देऊ नकोस."

"नाही देणार."

ते उठले. टोपी काढून खिशात कोंबली आणि कठड्याकडे बघत म्हणाले, "तिला मीच सांगतो. माझ्या लक्षात आहे तोवर." आणि मैदानाच्या कडेने, रेघेवर पाय पडू न देता, ते बायकोकडे चालत गेले.